आयपी फोनवर समोरच्याचा आवाजच येत नाही, मदत हवी आहे

मंडळी, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं फोन एक्सचेंज) काढून फ्रीपीबीएक्स हे सॉफ्टवेअरवालं एक्सचेंज बसवलं, बाहेरच्या कॉलसाठी एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून चालणारी फोन लाइन) घेतली. आतल्या आत एक्स्टेन्शन झकास चालतात. बाहेरून कॉल आला की मात्र आमचं गिऱ्हाइकाला ऐकू जातं, त्याचं आम्हाला नाही. रिसेप्शनवरची मुलगी नुसती ‘हॅलो, हॅलो’ करत बसते आणि अर्ध्या मिनिटात कॉल आपोआप तुटतो.

राउटरमध्ये एसआयपी एएलजी (कॉलच्या संदेशांत राउटर करतो ती ढवळाढवळ) बंद केलंय. कॉल जोडणारा यूडीपी ५०६० आणि आवाज वाहणाऱ्या आरटीपीचे १०००० ते २०००० पोर्ट पीबीएक्सकडे वळवलेत. फरक शून्य. बँडविड्थचा प्रश्न नसावा, जी.७११ या आवाजाच्या कोडेकला एका कॉलमागे एका बाजूने जेमतेम ९० केबीपीएस लागतात. पण राउटरच्या वॅनवर (इंटरनेटकडच्या बाजूला) १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसतोय, म्हणजे सीजीनॅटच ना, नेटवाल्याने एकच पब्लिक आयपी अनेकांत वाटलेला? मग माझं पोर्ट फॉरवर्डिंग फुकटच गेलं म्हणायचं. नेटवाल्याला विचारलं तर म्हणतो, “साहेब, स्पीड येतोय ना?” धन्य!

स्टॅटिक आयपी (आपला स्वतःचा कायमचा पब्लिक पत्ता) घ्यावाच लागेल, की ट्रंकवाल्याकडून सिमेट्रिक आरटीपी (आमचा आवाज जिथून येतो तिथेच समोरचा आवाज परत पाठवणं) चालू करून घेतलं तरी भागेल? सातपूर-अंबडकडे कुणी हे निस्तरलंय का?