रेडिओची वारंवारता ०.१ हर्ट्झपर्यंत मोजायची आहे, काय घेऊ? (पुणे)

धनकवडीची_तार
नमस्कार मंडळी. वर्षभर शॉर्टवेव्ह ऐकतेय. आरटीएल-एसडीआर व्ही३ डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), लॅपटॉप आणि गॅलरीतून समोरच्या आंब्यापर्यंत ताणलेली तार, एवढंच सामान आहे. सध्या वेड लागलंय ते वारंवारता अचूक मोजण्याचं. चीनचं बीपीएम हे वेळेचं स्टेशन बरोबर १० मेगाहर्ट्झवर असतं. माझ्याकडे ते सकाळी १२ हर्ट्झ खाली दिसतं आणि दुपारी ५ हर्ट्झ खाली. स्टेशन हलत नाही, म्हणजे हलतोय माझाच डोंगल. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ एका दुकानात जुना फ्रिक्वेन्सी काउंटर (वारंवारता मोजून आकड्यात दाखवणारं यंत्र) पाहून ठेवलाय. बजेट सहा हजार. घेऊ का?

तापकीर_गल्ली
काउंटर छान दिसतो, पण तुमच्या कामाचा नाही. नका घेऊ.

जुनी_खरखर
मीही नको म्हणेन, आणि कारणही सांगतो, कारण सुरुवातीला मी हेच करून बसलो होतो.

काउंटरला एकच, स्वच्छ आणि दणकट सिग्नल लागतो. अँटेनाच्या तारेवर एकाच वेळी शेकडो स्टेशनं असतात. त्यातलं तुमचं कुठलं, हे काउंटरला कळत नाही. तो त्या गर्दीतून एक निरर्थक आकडा काढून दाखवतो. शिवाय त्याच्या आतही ताल धरणारं क्रिस्टलच असतं, तुमच्या डोंगलसारखं, आणि जुन्या काउंटरचं क्रिस्टल किती सरकलंय हे तपासायला पुन्हा दुसरं खात्रीचं माप हवंच.

तेव्हा थेट मोजण्याचा नाद सोडा आणि तुलना करा. खात्रीची वारंवारता असलेला एक बारीक सिग्नल स्वतः तयार करायचा आणि अनोळखी सिग्नलच्या शेजारी, त्याच रिसीव्हरमध्ये सोडायचा. पडद्यावर प्रत्येक सिग्नलची एक, अशा दोन रेघा दिसतील. मोजायचं ते त्या दोन रेघांमधलं अंतर. डोंगल १२ हर्ट्झ चुकत असेल तर दोन्ही रेघा १२ हर्ट्झने सरकतात, अंतर तेवढंच राहतं.

खात्रीचा सिग्नल जीपीएसकडून घ्या. यूब्लॉक्स निओ-७एम किंवा एम८ या छोट्या जीपीएस रिसीव्हर मॉड्यूलच्या टाइमपल्स (ठरावीक ठोके देणाऱ्या) पिनवर १० मेगाहर्ट्झपर्यंत हवी ती वारंवारता मागता येते. उपग्रहांवर अणुघड्याळं आहेत, त्यांचा आधार तुम्हाला गॅलरीत बसून मिळतो. निओ-६एम स्वस्त दिसेल, पण त्याची पिन इतक्या वर जात नाही, म्हणून घेताना नाव नीट वाचा. तुमच्या बजेटमध्ये हे सहज बसतं.

निगडी_४०मीटर
काकांच्या उत्तराला जोड. या मॉड्यूलमधून ८ मेगाहर्ट्झ सगळ्यात स्वच्छ निघते, कारण आतलं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं आहे आणि त्याला ६ ने पूर्ण भाग जातो. बाकीच्या आकड्यांना थरथर जास्त.

जुनी_खरखर
खरं आहे. पण ७.१ मेगाहर्ट्झचा सिग्नल मोजताना माप, म्हणजे आपला खात्रीचा सिग्नल, ८ वर ठेवलं तर मधे ९ लाख हर्ट्झचं अंतर पडतं. डोंगल १.२ पीपीएम (दहा लाखांत १.२ भाग) चुकत असेल तर तेवढ्या अंतरात १ हर्ट्झहून जास्त फरक येईल. तेच माप ५ किलोहर्ट्झ अंतरावर ठेवलं तर फरक ०.००६ हर्ट्झ. थरथर मिनिटभराच्या सरासरीत पुसली जाते, म्हणून मी जवळचं माप घेतो.

आणखी एक. मोजणी सुरू झाली की ट्यूनिंगला हात लावू नका. डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये (शॉर्टवेव्ह ऐकायच्या पद्धतीत) डोंगल आतून सुमारे ७ हर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकतो, पडद्यावर मात्र पूर्ण आकडा दाखवतो. याने मला बरेच दिवस छळलं.

धनकवडीची_तार
काका, मनापासून आभार! दोन शंका. मापाचा सिग्नल अँटेनाला थेट जोडायचा का? आणि ०.१ हर्ट्झ दिसायला सॉफ्टवेअर कोणतं?

जुनी_खरखर
थेट जोडू नका. पिनला दोन इंच तार लावून ती अँटेनाच्या वायरजवळ नुसती ठेवा आणि दोन्ही रेघा सारख्या उजळ होईपर्यंत पुढेमागे करा. सॉफ्टवेअर स्पेक्ट्रम लॅब. ०.१ हर्ट्झ वेगळं ओळखायला निदान १० सेकंद ऐकावं लागतं. मी ६० सेकंद घेतो.

तळेगावची_गच्ची
सराव आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झवर करा, भर दुपारी. ती लहर जमिनीलगत येते, त्यामुळे रेघ सरळ राहते. मध्यमलहरी स्टेशनला १० हर्ट्झपर्यंत इकडेतिकडे व्हायची मुभा असते, तेव्हा आकडा बरोबर ७९२ आला नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

बीपीएमचं वेगळं. साधारण ४००० किलोमीटरवरून आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, धडकून येतं. पहाटे आणि संध्याकाळी तो थर वरखाली होतो आणि डॉप्लरमुळे (जवळ येणाऱ्या-लांब जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर बदलतो तसं) वारंवारताच बदलते. मोजणी चोख असली तरी रेघ वाकणारच.

आणि एकदा २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदच्या विज्ञान प्रदर्शनाला जाऊन या. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश एकाच मापाच्या वारंवारतेवर चालतात, ते माप ऑप्टिकल फायबरने प्रत्येक डिशपर्यंत जातं. तुम्ही गॅलरीत करताय तेच काम, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात.

धनकवडीची_तार
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. निओ-७एम घेतलं, तापमान स्थिर राहावं म्हणून डोंगल थर्माकोलच्या डब्यात ठेवला, अर्धा तास तापू दिला. दुपारी बीपीएम १० मेगाहर्ट्झच्या ०.१ हर्ट्झ आत आलं! सलग चार दिवस. संध्याकाळी मात्र सहा ते सातमध्ये रेघ जवळपास अर्धा हर्ट्झ खाली झुकली आणि परत आली. मी जेवायचं विसरून बघत बसले होते. परवा सोसायटीतली वीज गेली तेव्हा शेजारच्या एलईडी दिव्यांची खरखर थांबली आणि रेघ केसासारखी बारीक दिसली.

आपण सगळ्यांनी रविवारी पहाटे साडेपाच ते साडेसात एकाच वेळी १० मेगाहर्ट्झ नोंदवायचं का? धनकवडी, निगडी, तळेगाव. तिन्हीकडे रेघ एकाच मिनिटाला वळते का ते बघायचंय.

तळेगावची_गच्ची
मी आहे. दर १० सेकंदांनी नोंद, घड्याळ जीपीएसचंच.

निगडी_४०मीटर
मीपण. शनिवारी रात्रीच डोंगल चालू करून ठेवतो.