राइडला जाताना काय न्यावं?

ग्रुपनं बाइकवरून वृद्धाश्रमात जायच्या राइडला फळं आणि ब्लँकेटं न्यायची असं ठरतंय, त्यात थोडी भर. आधी तिथल्या व्यवस्थापकांना फोन करा. ब्लँकेटांचे गठ्ठे बऱ्याच ठिकाणी पडूनच असतात. खरी ओढाताण मोठ्यांच्या डायपरची आणि श्रवणयंत्राच्या सेलची. पेढे नकोतच, बऱ्याच जणांना शुगर असते. पपई चालते, सफरचंद कवळीला झेपत नाही.

१ ऑक्टोबर टाळा. ज्येष्ठ नागरिक दिनाला पाहुण्यांची रांग लागते, एरवी कुत्रं फिरकत नाही.

सकाळी दहापर्यंत पोचा, जेवणानंतर सगळे आडवे होतात. सायलेन्सर बदललेल्या गाड्या फाटकाबाहेरच बंद करा. जुनी बुलेट मात्र आत न्याच! मागे आमच्या राइडला एका आजोबांनी बुलेटचा उजवीकडचा गिअर पाहिला, काठी भिंतीला टेकवली आणि न्यूट्रल फाइंडर (गाडी थेट न्यूट्रलला आणायचा छोटा खटका) टाचेनं कसा दाबायचा ते आमच्या पोरांना शिकवत बसले. बॅनर, सत्कार वगैरे राहिलंच बाजूला. बरंच झालं म्हणा.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आपण इथे राहतो हे काहींनी नातेवाइकांनाही सांगितलेलं नसतं. आणि 'पुढच्या महिन्यात येतो' हे जमणार असेल तरच बोला, ते लोक तारीख लक्षात ठेवतात.