लिमालामाचे तुइओलोसेगा: परंपरेचे वारस की नव्या विद्येचे जनक?

रानवारा
टिनो तुइओलोसेगा म्हणजे मूळचं सामोअन (पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरचं) घराणं, अमेरिकन मरीन्समधली नोकरी आणि कोरियाचं युद्ध पाहिलेला माणूस. १९६० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात त्यांनी 'लिमालामा' ही युद्धकला उभी केली. त्यांचे शिष्य एका दमात दोन गोष्टी सांगतात. ही म्हणे सामोआतल्या ओलोसेगा बेटाच्या राजघराण्यात बापाकडून मुलाकडे आलेली प्राचीन विद्या, आणि टिनो तिचे संस्थापक. अहो, प्राचीन असेल तर संस्थापक कसले?

पहिल्या फळीतली नावं बघा. हाउमेआ लेफिटी सामोअन खरे, पण त्यांचा हात चिनी पद्धतीत बसलेला. सॉलोमन कैहेवालू हवाईचे, तिथली लुआ ही युद्धकला शिकवणारे. साल एस्किवेल, रिचर्ड नुन्येझ ही नावं तर सरळ मेक्सिकन वळणाची. वर एड पार्कर यांच्या केन्पो कराटेचा तिथे दबदबा, १९६४ पासून लाँग बीचला त्यांची कराटे स्पर्धा. या वातावरणात जे तयार झालं ती मिसळ आहे. चवदार असेल, पण हजार वर्षांपूर्वीची नाही.

खडूस_मास्तर
मिसळ म्हणजे कमअस्सल, हे कुणी ठरवलं? जपानच्या जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये जुन्या जुजुत्सूच्या दोन शाखांतून ज्युडो बांधला. त्यांना संस्थापकही म्हणतात आणि परंपरेचे वारसही. तिथे तुम्हाला काही खटकत नाही.

आणि सामोआचा इतिहास जरा बघा. १८३० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स उतरले आणि जुन्या नाच-लढायांच्या रिवाजांवर डोळे वटारले जाऊ लागले. पुढे १९०० मध्ये तुतुइला बेट आणि १९०४ मध्ये मानुआ बेटं (ओलोसेगा त्यांतलंच) अमेरिकेच्या ताब्यात गेली. १९५१ पर्यंत कारभार नौदलाचा. नाविक तळ बंद झाल्यावर माणसं पोटापाण्यासाठी हवाई-कॅलिफोर्नियाकडे निघाली. अशा समाजाकडे तुम्ही गुरुपरंपरेचे कागद मागणार? गदेचे द्वंद्व, फागातुआ कुस्ती हे सगळं होतंच की.

रानवारा
कानोंनी कोणत्या शाखा घेतल्या ते नावानिशी माहीत आहे. तेनजिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू. इथे नेमका तोच तपशील 'घराण्याचं गुपित' म्हणून झाकला जातो. माझं भांडण मिसळीशी नाही, झाकण्याशी आहे. गदा होती, कुस्ती होती, कबूल. पण आज क्लासमध्ये शिकवतात त्या हाताच्या मालिका तिथूनच आल्या हे त्यावरून कसं सिद्ध होतं?

पश्चिमघाट
शेवटी युद्धकला भारतातून चीनला बोधिधर्म या भिक्षूनेच नेली ना? 😀

खडूस_मास्तर
@पश्चिमघाट, ज्या 'यिजिन जिंग' ग्रंथावर ती कथा उभी आहे तो १६२४ च्या आसपासचा. बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. तो विषय इथे नको.

माडाखाली
फ्रेडी लेतुली कुणी आठवेल का? सामोआचा जळत्या सुऱ्यांचा नाच पर्यटक 'आदिम' म्हणून बघतात. त्यात आग घातली लेतुलींनी, १९४६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत! आग खाणारा एक हिंदू कलाकार पाहून कल्पना सुचली, असं ते स्वतःच सांगत. नाच जुना, सुरा (निफो ओती) जुना, आग नवी. कुणी त्याला खोटं सामोअन म्हणत नाही, कारण पुढे तो सामोअनांनीच उचलला, मिरवला, स्पर्धा भरवल्या.

लिमालामाचं अडतं ते इथे. ती सर्वांत जास्त रुजली मेक्सिकोत. सामोआत कितीशी पोचली?

खडूस_मास्तर
म्हणजे कला कुणाची हे गिऱ्हाइकांवरून ठरवायचं? मग ज्युडो फ्रान्सचा म्हणा. बेटावरून तुटलेल्या माणसाने परमुलखात, मरीन्समध्ये शिकलेलं आणि घरी पाहिलेलं एकत्र करून त्याला सामोअन नाव दिलं. तो त्याचा हक्कच आहे.

रानवारा
नाव देण्याचा हक्क मान्य. लेतुलींचं उदाहरण मात्र माझ्याच बाजूचं आहे. आग कुठून आली हे त्यांनी उघड सांगितलं. लिमालामाच्या शिक्षकांनीही अभ्यासक्रमात लिहावं: हा भाग लेफिटींचा, हा कैहेवालूंचा, हा टिनोंच्या घरचा. शेवटच्या रकान्यात चार ओळी जरी राहिल्या तरी मी त्यांना सामोअन म्हणेन.

खडूस_मास्तर
आणि त्या चार ओळी कुणी तपासायच्या? तुम्ही?