शिक्षा झाली की लगेच बडतर्फ, की अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं?

दादरकर:
माहितीतला एक सरकारी कारकून लाच घेताना सापडला. सत्र न्यायालयात शिक्षा झाली, हायकोर्टात अपील टाकून जामिनावर आहे. निलंबित, पण निर्वाह भत्ता चालू! घटनेच्या अनुच्छेद ३११(२) प्रमाणे फौजदारी शिक्षा झालेल्याची विभागीय चौकशी करावी लागत नाही. मग साहेबांची सही कुठे अडते? निकालाची प्रत आली की आठवड्यात आदेश निघालाच पाहिजे.

रेवती_गिरगाव:
आणि अपिलात निर्दोष सुटला तर? नोकरी गेली, निवृत्तिवेतन गेलं, क्वार्टर सोडायची नोटीस दारावर. अपील बोर्डावर येईपर्यंत माणूस अठ्ठावन्नचा होतो. मग परत घेणार कुठे?

काळाकोट:
ताई, अपिलासाठी थांबायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये नागूर मीरा प्रकरणात सांगून टाकलंय. जामीन मिळाला, शिक्षेला स्थगिती मिळाली, तरी दोषसिद्धी उभीच असते.
पण दादरकर, ‘निघालाच पाहिजे’ हेही खरं नाही. १९८५ चं शंकर दास प्रकरण बघा. दिल्ली दूध योजनेतला रोखीचा कारकून, ५०० रुपयांची अफरातफर. पैसे भरले, गुन्हा कबूल केला, मॅजिस्ट्रेटने प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर) सोडलं. खात्याने तरीही घरी बसवलं. सर्वोच्च न्यायालयाने मागच्या पगारासकट परत घ्यायला लावलं. सुनावणी द्यायची सक्ती नसली, तरी खात्याची शिक्षा गुन्ह्याच्या मानाने हवी.

दादरकर:
तो ५०० वाला आणि हा सापळ्यातला एकाच मापात? नोटांना अँथ्रासीन पावडर, अतिनील दिव्याखाली बोटं चमकलेली, पंच, उलटतपासणी, सगळं झालं. आता साहेबांनी आणखी काय तपासायचं?

रेवती_गिरगाव:
लाचखोराची वकिली कोण करतंय? नियम लाचेपुरता नाही ना. चाळीत नळावरून हाणामारी झाली, शिक्षा लागली, तो शिपाईही त्याच रांगेत. तुमचा आठवडा त्यालाही?

बंड्या_परळ:
आमदाराची खुर्ची मात्र बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षांच्या आतली शिक्षा असेल तर शाबूत. शिपायाला तेवढीही सूट नाही, मजा आहे!

काळाकोट:
नळावरच्या भांडणात पगारवाढ रोखूनही भागतं. लाचेत बडतर्फीच हवी, तिथे मी दादरकरांच्या बाजूने. फक्त आदेशात कारणं लिहा. ‘शिक्षा झाली, सबब बडतर्फ’ एवढंच लिहिलं की तो माणूस मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जातो आणि साहेबांची फाईल पुन्हा पहिल्या पानावर.

दादरकर:
बरं, आठवडा मागे घेतो. महिना द्या. पण भत्ता बंद करा!