अनुभव धागा : जाळीवर भाजलेला ताजा मासा आणि परसातली भाजी

ताजा मासा घरी जाळीवर भाजायचा आणि सोबतीला परसातून नुकतीच तोडलेली भाजी त्याच आचेवर भाजून रात्रीचे जेवण मांडायचे, हा बेत ऐकायला सोपा आहे. पण तो नीट जमेपर्यंत माझे तरी बरेच मासे वाया गेले. मासा जाळीला चिकटणे, भाजी आणि मासा यांची वेळ न जुळणे, आतला भाग कच्चा किंवा कोरडा राहणे, अशा अडचणींतून आपण काय शिकलात ते येथे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

माझा पहिला अख्खा मासा उलटताना सालीसकट फाटला आणि निम्मा जाळीलाच राहिला. दोष आचेचा नव्हता, ओलाव्याचा होता. मासा धुऊन तसाच जाळीवर टाकला, तर आधी पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन जाण्यात आच खर्ची पडते आणि साल खरपूस होण्याऐवजी शिजून चिकटते. आता मी मासा आतून-बाहेरून स्वच्छ कापडाने टिपून अगदी कोरडा करते, जाळी घासून चांगली तापू देते आणि तेलाचा हात जाळीपेक्षा माशाला लावते. त्यानंतरची कसोटी संयमाची असते. कलथा कडेखाली सरकवल्यावर मासा ओढून धरत असेल, तर मी त्याला आणखी एखादे मिनिट तसाच राहू देते. साल खरपूस झाली की तो आपणहून सुटतो.

*

माझी अडचण वेळेची होती. मासा आणि भाजी एकदम आचेवर ठेवत असे, त्यामुळे वांगी मऊ होईपर्यंत मासा कोरडा पडायचा. मासा एक इंच, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून सुमारे १० मिनिटे पुरतात. अर्धे केलेले वांगे किंवा कांद्याची जाड चकती मात्र त्याहून बराच वेळ घेते. म्हणून मी निखारे एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ पसरतो. कांदा, वांगी, ढोबळी मिरची आधी दाट आचेवर भाजून डाग पडले की विरळ बाजूला सरकवतो आणि त्या मोकळ्या झालेल्या जागी मासा येतो. टोमॅटो सर्वांत शेवटी, कापलेली बाजू वर करून ठेवतो, म्हणजे रस निखाऱ्यांवर सांडत नाही. भाजी थांबते, मासा थांबत नाही. त्यामुळे ताटे मांडून झाल्याशिवाय मी मासा आचेवर ठेवतच नाही.

*

मक्याचे कणीस तोडल्यापासून त्यातली साखर पिठुळ होत जाते, हे परसात मका लावल्यावर जिभेला कळले. निखारे पेटवून मगच कणसे तोडायला जावे.

*

मी लिंबाचा रस लावून मासा दुपारभर मुरवला होता. संध्याकाळी पाहते तो मांस पांढरट आणि घट्ट झालेले, आणि भाजल्यावर त्याचा भुगा पडू लागला. आंबटपणाने माशातील प्रथिनांची रचना आचेविनाच बदलते, ते तेव्हा समजले. आता मीठ, तेल, ठेचलेला लसूण एवढेच आधी लावते आणि लिंबू ताटात पिळते. जाड माशाला दोन्ही बाजूंनी हाडापर्यंत तिरक्या चिरा दिल्यास मीठही आत जाते आणि आचही.

*

मासा शिजला का, हे ओळखायला मला फार दिवस लागले. सर्वांत जाड ठिकाणी सुरीचे टोक घालून पाहिल्यावर मांस काचेसारखे न दिसता दुधट दिसले आणि पाकळ्या सहज सुटल्या, की मासा झाला. मापक असल्यास त्याच जागी ६३ अंश सेल्सिअस पुरेसे असतात. अर्थात मुळात मासा ताजा हवा : डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लालभडक, बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर येणारे. उग्र वास मारणारा मासा कितीही मसाला लावला तरी सुधारत नाही.

*

एक काळजीची गोष्ट, जी कोणी लिहिली नाही. पाऊस आला म्हणून आम्ही एकदा पेटलेल्या कोळशाची शेगडी उचलून बंद खोलीत आणली आणि थोड्याच वेळात घरातल्या सर्वांचीच डोकी जड झाली. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. तेव्हा दारे-खिडक्या उघडून सगळे बाहेर आलो, म्हणून निभावले. आता पाऊस आला, तर मासा स्वयंपाकघरात बिडाच्या तव्यावर भाजतो. धुराचा वास त्याला येत नाही, पण साल तितकीच कुरकुरीत होते आणि त्याच तव्यात उरलेल्या रसात परसातली कोवळी घेवड्याची शेंग परतली, की मुले आधी तीच संपवतात.