अंतरपाटावर पसरलेला लाल रंग कसा काढावा? मदत हवी आहे

धाकट्या बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. दापोलीजवळच्या आमच्या गावी, घरापुढच्या खळ्यात. झावळ्यांचा मांडव, केळीच्या पानावर पंगत, माणसं दीडशेच्या आत. जमेल तेवढं सगळं घरीच करतोय. मुंडावळ्या ओवून झाल्या, रुखवत आत्याने मनावर घेतलंय. अडलंय ते अंतरपाटाशी.

आजोबांच्या पांढऱ्या सुती उपरण्यावर आईने साखळी टाक्याने लाल स्वस्तिक भरलं. कांजी करण्याआधी मी ते धुतलं आणि धाग्याचा रंग सुटला. स्वस्तिकाभोवती दोन बोटं गुलाबी डाग पसरलाय, खालच्या बाजूला जरा गडदच. चूक माझी, आधी धागा भिजवून बघायला हवा होता.

लगेच थंड पाण्यात दोनदा खळबळलं, मग अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवलं. डाग फिका झाला, पण गेला नाही. एका कडेला लिंबू लावून पाहिलं, फरक नाही. इस्त्री अजून फिरवलेली नाही.

कापड चाळीस वर्षांचं, विरळ झालेलं आहे, म्हणून ब्लीच नको. टाके उसवले तर भोकं दिसतील. दुसरा अंतरपाट विकत मिळेल, पण आजोबा नाहीत, त्यांचं उपरणं तिथे असावं असं बहिणीला फार वाटतं. पुण्याहून शनिवारी माणूस येतोय, काही आणायचं असेल तर सांगता येईल.

धाग्याचा लाल रंग न उतरता फक्त भोवतीचा गुलाबी डाग काढायला काय वापरू, आणि ते किती वेळ ठेवू?