पुण्यात राहून सर्फबोर्ड : कोणता घ्यावा आणि कसा सांभाळावा?

कोथरूडकर :
गोव्यात अश्वे किनाऱ्यावर चार दिवस सर्फिंग शिकल्यापासून स्वतःचा बोर्ड असावा असे वाटू लागले आहे. माझे वजन 72 किलो आहे. एक वापरलेला 6 फुटी फायबरग्लासचा बोर्ड स्वस्तात मिळत आहे. तो घ्यावा का? आणि समुद्रापासून इतक्या दूर, तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत तो ठेवावा कसा?

लाटांचा_नाद :
कृपया घेऊ नका. बोर्ड निवडताना लांबीइतकेच त्याचे लिटरमधील आकारमान महत्त्वाचे असते. 6 फुटी बोर्ड बहुधा तीसेक लिटरचा असतो, तर आपल्या वजनाच्या नवशिक्याला उभे राहण्यापुरती स्थिरता मिळण्यासाठी सत्तरएक लिटरचा, म्हणजे साधारण 8 फुटी, मऊ पृष्ठभागाचा फोमबोर्ड हवा. पायाला बांधायची दोरी बोर्डाच्या लांबीएवढी घ्यावी. पुढे कधी वापरलेला फायबरग्लासचा बोर्ड पाहिलात, तर वरच्या बाजूवर अंगठ्याने दाबत जा. कुठे पोकळ किंवा मऊ लागले, तर फायबरग्लासचा वरचा थर आतल्या फोमपासून सुटला आहे असे समजावे.

पेठेतला_खलाशी :
निवडीबाबत सहमत आहे, परंतु पुण्यात बोर्डाचा खरा शत्रू खारे पाणी नसून ऊन आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत मी माझा इपॉक्सी बोर्ड (फोमवर इपॉक्सी रेझिनचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा, थर असलेला) एक दुपार विसरलो. आतली हवा प्रसरण पावून वरचा थर फुग्यासारखा उचलला गेला, आणि तो पुन्हा कधीच बसला नाही. म्हणून गॅलरीत ठेवू नका. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून घरातल्या भिंतीवर आडवा टांगावा. तडा गेल्यास तो बुजेपर्यंत पाण्यात उतरू नये, कारण आतला फोम पाणी शोषतो. दुरुस्तीपूर्वी बोर्ड कशाचा आहे हे विचारून घ्या : थर्माकोलसारखा फोम असलेल्या इपॉक्सी बोर्डाला पॉलिएस्टर रेझिन लावले, तर त्यातील स्टायरीन हे द्रावक तो फोमच विरघळवते.

कोथरूडकर :
दोघांचेही आभार. तो 6 फुटी बोर्ड सोडला. आज आमच्या सोसायटीची लिफ्ट मोजली. 8 फुटी बोर्ड तिरपा धरूनही मावणार नाही, तेव्हा जिनाच. शेपटीला व टोकाला जुनी गोधडी गुंडाळली तर चालेल ना?

पेठेतला_खलाशी :
उत्तम चालेल. फक्त फिन (शेपटीखालचे पर) आधी काढून ठेवा. जिन्याच्या वळणावर कठडा पहिल्यांदा त्यांनाच गाठतो.